गोठ्यातली आरएक्स आणि तिचे कागद

आज मी बोलणार आहे ती तुमच्या गोठ्यात, पडवीत नाहीतर चिंचेखाली पोतं टाकून उभ्या असलेल्या गाडीबद्दल. टाकीवर कोंबड्या बसतात, चाकातली हवा गेलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली. घरात कुणी तिच्याकडे बघत नाही. आणि मग एक दिवस अनोळखी माणूस दारात येतो आणि विचारतो, "ताई, ही आरएक्स विकायचीय का?" त्या दिवशी काय करायचं, ते आज सांगते.

मी खराडीची. खराडी म्हणजे मुळा-मुठेच्या काठचं, नगर रस्त्यालगतचं गाव. आता पुणे महानगरपालिकेत आहे. जिथं ज्वारी डुलायची तिथं काचेच्या इमारती आहेत आणि संध्याकाळी सहाला तिथून माणसांचा लोंढा सुटतो. आमचं दुचाकीचं गॅरेज आहे. मालक, म्हणजे आमचे हे, हात काळे करतात. कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे. त्यामुळे इंजिनाचं मला थोडं कळतं आणि आरटीओचं जास्त कळतं.

आधी टू-स्ट्रोक म्हणजे काय, ते सांगते. आजच्या बहुतेक गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनात दट्ट्या चार वेळा वरखाली होतो तेव्हा एकदा पेट्रोल पेटतं. टू-स्ट्रोकमध्ये दोनच फेऱ्यांत पेटतं. आत व्हॉल्व्ह नाहीत, दट्ट्याच जाता-येता भोकं उघडतो आणि मिटतो. म्हणून इंजिन हलकं, सुटसुटीत आणि ताकदीला तिखट. पण त्याला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते ऑइल जळतं, त्याचा निळसर धूर होतो. शिवाय थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. धुराचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बंद पडत गेल्या. पेट्रोल पंपावर ऑइल घालायचं वेगळं यंत्र असायचं, ते तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल.

आपल्या भागाने या गाड्या खूप पाहिल्या. लूना १९७२ साली कायनेटिकने अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, काढली. म्हणजे आमच्या नगर रस्त्याच्याच दुसऱ्या टोकाला. त्याच वर्षी बजाजची चेतक आली, आकुर्डीची. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. मग एम-८०, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना बांधून पहाटे पुण्याकडे निघालेली. राजदूत होती, तिच्यावर तर अख्खं कुटुंब आणि वर एक शेळीसुद्धा जायची. मैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात जावा आणि येझदी बनायच्या, तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. येझदीची गंमत अशी, की किक आणि गिअर एकाच दांड्याला. आणि मग १९८५ च्या शेवटी आली यामाहा आरएक्स १००. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास. एवढ्याशा वजनाला एवढी ताकद, त्यामुळे गाडी नुसती उडायची. १९९६ ला ती बंद झाली. आज तिशीतली पोरं तिच्यासाठी वेडी आहेत. जिचं उत्पादन बंद झालं तेव्हा ती पाळण्यात होती, त्या गाडीसाठी!

या वेडालाच भाव आहे. खराडीत कंपनीत काम करणारी मुलं शनिवारी-रविवारी आमच्याकडे जुनी गाडी ढकलत आणतात. चांगल्या अवस्थेतल्या, कागद स्वच्छ असलेल्या आरएक्सला लाख रुपये आणि त्याहून जास्त मागणारे आणि देणारे दोन्ही मी बघितलेत. आणि हीच गाडी गावातून कितीला उचललेली असते? कधी पाच हजार. कधी भंगाराच्या भावाने, किलोवर. मधले पैसे कुठं जातात, ते तुम्हीच ओळखा.

आता एक खरी गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एक ताई, नाव नाही सांगत. यजमान वारले, त्याला चार वर्षं झाली होती. त्यांची आरएक्स गोठ्यात उभी. भंगारवाला तीन हजार देत होता. दीर म्हणाले, "पंधरा वर्षं उलटलेली गाडी आता बाद आहे. ठेवली तर सरकार दंड करेल. देऊन टाक, आणि तुला काय कळतंय त्यातलं, मी बघतो." ताईंच्या लेकीने आमच्याकडे फोटो पाठवला. फोटोत मला पहिल्यांदा काय दिसलं? सायलेन्सर मूळचा होता, टाकी मूळची होती आणि लेकीने आरसी बुकाचं पानही पाठवलं होतं. मी म्हटलं, गाडी जागची हलवू नका. कुणाला एक नट काढू देऊ नका.

त्या दिरांच्या बोलण्यात तीन गोष्टी होत्या. तिन्ही नीट बघू, कारण हीच वाक्यं घरोघरी ऐकू येतात.

पहिली, पंधरा वर्षांनी गाडी बाद होते. तसं नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, हे खरं. ती मुदत संपली की आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घ्यायची. आपण त्याला रिपासिंग म्हणतो. अर्ज फॉर्म २५ चा. पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी लागतं, आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, त्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या आणि लोकांनी ते सगळ्या देशाला लावून टाकलं. महाराष्ट्रात रिपासिंग झालेली जुनी दुचाकी चालवायला अशी सरसकट बंदी नाही. पण रिपासिंगला उशीर केला तर १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला उशिराच्या दर महिन्याला ३०० रुपये जादा शुल्क आहे. म्हणून आधी ही सगळी रक्कम आरटीओच्या खिडकीवर विचारून घ्या, मग भाव बोला. शुल्कं बदलत असतात. एजंटच्या तोंडचा आकडा धरू नका.

दुसरी, "मी बघतो." दीर कशाला बघणार? गाडी यजमानांच्या नावावर होती आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो, की पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि ते असताना भावाला हिस्सा नाही. जमिनीचं आपण ऐकलेलं असतं. गाडीसुद्धा मालमत्ताच आहे, हे ध्यानात राहत नाही. सासूबाई हयात असतील तर त्यांचा वाटा आहे, तो विसरू नका. बाकी दिरांनी मदत जरूर करावी, पण सही त्यांची नाही.

तिसरी, "तुला काय कळतंय." याला मी उत्तर देत बसत नाही. पुढचं ऐका म्हणजे कळेलच.

मालक वारल्यावर गाडी थेट तिसऱ्याला विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. नियम असा, की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा. मला माहीत आहे, दुःखाच्या त्या दिवसांत कुणाला गाडी आठवते? उशीर झाला तरी रस्ता बंद होत नाही, काम वाढतं इतकंच. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, आधार, आणि बाकीच्या वारसांचं "आमची हरकत नाही" असं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि ज्यांचे यजमान हयात आहेत, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, त्यांनी आजच एक काम करावं. आरसीवर आता वारस म्हणून नाव लावता येतं, नॉमिनी म्हणतात त्याला. बँकेत लावतो तसंच. ते लावून घ्या.

ताईंचं हे सगळं व्हायला तीन-चार महिने गेले. त्या दोनदा संगम पुलाच्या आरटीओत आल्या, लेकीला घेऊन. मधल्या काळात रिपासिंगसाठी गाडी चालू करावी लागली, त्याचा खर्च आमच्या गॅरेजमध्ये झाला, आणि तो विक्रीनंतर घ्यायचा असं ठरलं. शेवटी खराडीतल्याच एका मुलाने ती घेतली. सगळा खर्च वजा जाऊन ताईंच्या खात्यात बावन्न हजार राहिले. भंगारवाल्याचे तीन आणि हे बावन्न. लेकीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी त्यातून गेली.

प्रत्येक जुन्या गाडीचे असे पैसे होत नाहीत, हेही सांगते, नाहीतर उद्या सगळ्या जणी गोठे झाडायला घ्याल. लूना आणि एम-८० ला हौशी गिऱ्हाईक फार थोडं. राजदूतला मध्यम. आरएक्स, येझदी, जावा आणि दोन सिलिंडरची राजदूत ३५० यांना चांगलं. त्यातही कागद नसतील तर भाव निम्म्याहून खाली येतो, आणि यायलाच हवा.

विंटेज हा शब्द दलाल फार वापरतात. सरकारच्या २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी. तशा गाडीची वेगळी नोंदणी होते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, आणि ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शनाला वगैरेच नेता येते. त्या हिशेबाने १९८५ ची आरएक्ससुद्धा २०३५ पर्यंत विंटेज होत नाही. तेव्हा "विंटेजची फी भरायला पैसे द्या" असं कुणी म्हटलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. गाडी दिली, पैसे घेतले, माणूस गेला, आणि गाडी तुमच्याच नावावर राहिली, तर ती विकलेली नाही असं समजा. सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे. एका माणसाने २००७ साली मोटार विकली. ती पुढे आणखी हातोहात गेली. २००९ मध्ये अपघात होऊन जीव गेला. तोवर आरटीओच्या दप्तरात नाव पहिल्याचंच होतं. न्यायालय म्हणालं, दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी, तीन हात पलीकडची! आपल्या घरात तर नाव नवऱ्याचं आणि तो या जगात नाही, अशी अवस्था. नोटीस येणार ती त्याच घराच्या पत्त्यावर.

म्हणून विक्रीचे दोन कागद पाठ करा. फॉर्म २९, म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला कळवणं, की मी गाडी अमक्याला विकली. हे १४ दिवसांत करायचं. आणि फॉर्म ३०, गाडी नव्या मालकाच्या नावावर करण्याचा अर्ज, तो घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायचा, त्यावर तुमचीही सही लागते. दलाल म्हणतो, "ताई, इथं इथं सह्या करा, बाकी मी भरतो." कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय पेन उचलायचं नाही. भरलेल्या फॉर्मचा, त्याच्या आधारचा आणि त्याचा गाडीसोबतचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. साध्या कागदावर सौदेपावती करा, त्यात गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळसुद्धा लिहा. वेळ कशाला? त्याच संध्याकाळी त्याने कुणाला ठोकलं तर कळावं, की दुपारी चारला गाडी आपल्या दारातून गेली होती.

गिऱ्हाईक बाहेरच्या राज्यातलं असेल, आणि आरएक्सला कर्नाटक-केरळकडून मागणी असते, तर फॉर्म २८ चा ना हरकत दाखला आपल्या आरटीओतून काढावा लागतो. तो निघेपर्यंत गाडी टेम्पोत चढवू देऊ नका. गाडीवर कधी बँकेचं कर्ज असेल तर आरसीवर बोजा दिसतो. कर्ज फिटलं असलं तरी फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या पतसंस्थेचं कर्ज आणि ती पतसंस्थाच आज जागेवर नाही, असं एक प्रकरण सध्या माझ्या टेबलावर पडून आहे. त्याचं काय होतं ते पुन्हा कधीतरी.

पैशाचं थोडक्यात. इसार घ्या, पण इसारावर गाडी सोडू नका. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याचं स्वतःच्या पासबुकात नाहीतर बँकेत फोन करून बघा, समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा टिळा बघून नाही. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही आणि कुठला चौकोनी कोड स्कॅन करावा लागत नाही. "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा पैसे काढून घेतोय. ओटीपीचंही तसंच. नाव बदलायचं काम आता ऑनलाइन होतं, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो कशासाठी आला ते वाचल्याशिवाय कुणाला सांगायचा नाही.

आता उलट बाजू. काही जणींच्या घरी पोरगं हट्ट धरून बसलंय, की मला आरएक्सच पाहिजे. आणि दोन ठिकाणी तर मी ऐकलं, की त्यासाठी गटातून कर्ज मागितलं. माझं मत विचाराल तर गटाच्या कर्जातून ही गाडी घेऊ नये. ही हौसेची गाडी आहे. ॲव्हरेज कमी, ऑइलचा खर्च वेगळा, मूळचे पार्ट महाग आणि नकली पार्टचा सुळसुळाट. दूध घालायला, कॉलेजला रोज जायला नवी साधी गाडी बरी. स्वतःच्या पगारातून पोराने घेतली तर घेऊ द्या, पण घेताना तुम्ही सोबत जा. मुलगा टाकीच्या चमकीकडे बघतो, आईने नंबराकडे बघावं.

नंबर दोन असतात. चासी नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला, आणि इंजिन नंबर इंजिनाच्या खोक्यावर. दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. आरटीओतही असाच घेतात. अक्षरं वाकडीतिकडी, एखादा आकडा खोल आणि बाकीचे उथळ, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, असं दिसलं तर तिथूनच परत फिरा. आरएक्स १०० च्या सांगाड्यात १३५ चं इंजिन बसवलेलं असतं, हा तर नेहमीचा खेळ. इंजिन बदललं तर आरसीवर तशी नोंद हवी. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की मुदत, विमा, बोजा दिसतो. १९८९ च्या आधीची, म्हणजे पाटीवर एमएच-१२ ऐवजी एमने सुरू होणारी तीन अक्षरं असलेली गाडी असेल तर नोंद ऑनलाइन चढलेली आहे का ते बघा. नसेल तर जुनं आरसी बुक घेऊन आधी ती चढवून घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याने करून द्यावं.

इंजिन थंड असताना गाडी बघायला जा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" म्हणाला तर म्हणा, आम्ही बसतो, थंड होऊ द्या. किक हाताने दाबून बघा. लोण्यात गेल्यासारखी गेली तर आतला ब्लॉक झिजलाय. चालू झाल्यावर निळसर धूर थोडा येणारच, ते तिचं श्वास घेणं आहे. पण पांढरा दाट धूर आणि तो थांबतच नाही, तर क्रँकचं सील गेलेलं असू शकतं, गिअरचं ऑइल आत ओढलं जातंय. खालून खडखड येत असेल तर क्रँकचं बेअरिंग. ही दोन्ही कामं इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय होत नाहीत, म्हणजे भावातून तेवढे पैसे उतरवून मागा. आवाज दबका आणि गाडीला ओढ नाही, तर बहुतेक सायलेन्सरमध्ये कार्बन साठलाय. ते काम स्वस्तातलं आहे. विकणाऱ्याला मात्र तसं सांगू नका.

आणि ज्या गाडीचं खरंच काही उरलेलं नाही, सांगाडा गंजून गेलाय, तिचं काय? भंगारात द्या, पण नोंदवलेल्या स्क्रॅप केंद्रात द्या आणि तिथला दाखला घ्या. गाडी मोडली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नाहीतर तुमच्या मोडलेल्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीवर चढतो आणि पोलीस विचारत येतात तुमच्याकडे. चासी नंबरचा तुकडा कापून घेतला का, हे तिथं उभं राहून विचारा.

पुढच्या वेळी येताना मी फॉर्म २९, ३० आणि ३१ भरून दाखवलेले नमुने घेऊन येणार आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आरसी बुक शोधून ठेवा. बहुतेक वेळा ते कपाटात लग्नाच्या अल्बमखाली सापडतं.